रिकाम्या टँकला जेवण कशाला?

प्रश्न : वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून आम्ही आता नव्या इमारतीत राहायला आलो आहोत. हॉलमध्ये जागा झाली म्हणून मुलासाठी दोन फुटी फिश टँक घेतला. दुकानदार म्हणाला, "फिल्टर चोवीस तास चालवा आणि मासे सोडा." शेजाऱ्यांनी तसंच केलं होतं. त्यांचे बहुतेक मासे दहा-बारा दिवसांत गेले, आणि पाणी तर शेवटपर्यंत लख्ख होतं! मुलगा म्हणतो, टँक सहा आठवडे नुसता चालू ठेवायचा असतो. खरं काय? समोर समुद्र आहे, त्यातलं बाटलीभर पाणी घातलं तर काम लवकर होईल का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : दुकानदाराचं चुकतंय, पण मुलाचंही अर्धंच बरोबर आहे. टँक सहा आठवडे नुसता चालू ठेवलात, तर सातव्या आठवड्यात तो पहिल्या दिवसाइतकाच नवा असेल. आपण वाट पाहतो ती दिवस सरण्याची नाही, जिवाणूंची वस्ती वाढण्याची. आणि उपाशीपोटी कोणाचीच वस्ती वाढत नाही.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून भर पडते. तळ्यात हे पसरून जातं. तुमच्या टँकमध्ये मात्र खडी वगळता जेमतेम ४५-५० लिटर पाणी आहे. अमोनियाला रंग नाही आणि माशाला मारक ठरेल इतक्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. शेजाऱ्यांचं पाणी शेवटपर्यंत लख्ख दिसलं ते म्हणूनच.

हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्त तपकिरी करतं आणि हवेने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, अधूनमधून पाणी बदललं की भागतं. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. नायट्राइट खाण्याचं श्रेय पुस्तकांतून बराच काळ नायट्रोबॅक्टरला दिलं जाई. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायराकडे असतं, हे १९९८ मध्ये पुढे आलं. आणि २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यांतले काही मिळाले ते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच.

ही मंडळी पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटीहून जास्त होतात, यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते दीड दिवस लागू शकतो. म्हणून चार ते सहा आठवडे. मुंबईच्या उकाड्याचा इथे फायदाच होतो, हीटर लागत नाही.

आता जेवणाचं. मासे नसताना अमोनिया आपण घालायचा. त्यासाठी सोयीचा पदार्थ म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे वापरतात तोच. फक्त कल्हईवाल्याचा खडा नको, त्यात काय मिसळलं असेल सांगता येत नाही. केमिकल विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या. एक ग्रॅम नवसागर १०० मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातलं ३० मिलि टँकमध्ये ओता. लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया झाला. त्याहून जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट रखडतं. नवसागर मिळालाच नाही, तर कोळीवाड्यातून आणलेली एखादी ताजी कोळंबी जुन्या नायलॉन मोज्यात बांधून टाका. कुजून अमोनिया होतो, पण मात्रा हातात राहत नाही आणि हॉलमध्ये वास सुटतो. नव्या घरात तुम्हाला ते चालेल असं वाटत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जिवाणूंना मारणं हेच त्याचं काम. पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. दुसरी गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. तानसा, वैतरणा, भातसा इथून येणारं आपलं पाणी मृदू आहे, त्यात क्षार कमी. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातले हेच क्षार खात जातं. ते संपले की पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. 'तीन आठवडे झाले, पुढे काही हलतच नाही' ही मुंबईतल्या नव्या टँकवाल्यांची तक्रार अनेकदा इथून निघते. उपाय स्वयंपाकघरातच आहे. वर सांगितलेली नवसागराची एक मात्रा जेवढे क्षार संपवते, तेवढे साधारण एक ग्रॅम खायच्या सोड्याने भरून निघतात. बेकिंग पावडर नव्हे, खायचा सोडा.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट मात्र घ्याच, एखादा शोभेचा दगड कमी घेतलात तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी अमोनिया उतरायला लागेल. मग नायट्राइटची नळी फिकट निळ्यावरून जांभळी होईल आणि दिवसेंदिवस जांभळीच राहील. सगळ्यांचा धीर सुटतो तो इथे. अमोनिया शून्यावर आला की पुढची मात्रा द्या, नायट्राइट फार चढलं तर अर्धं पाणी बदला. ज्या दिवशी पूर्ण मात्रा घालून चोवीस तासांत दोन्ही आकडे शून्य येतील, त्या दिवशी टँक तयार.

खरा जवळचा रस्ता एकच, विरजण. ओळखीत कोणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. ओलाच आणा आणि थेट आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. आठवडे वाचतात. बाटलीतल्या जिवाणूंवर माझा भरवसा कमी. काही बाटल्या चालतात, पण उन्हाने तापलेल्या फळीवर कित्येक महिने उभ्या राहिलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल ते बाहेरून कळत नाही.

समुद्राचं पाणी नको. त्यातले जिवाणू लिटरमागे ३५ ग्रॅम मिठाला सरावलेले, गोड्या पाण्यात ते टिकणार नाहीत. शिवाय वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रातून शहराचं मैलापाणी वर्षानुवर्षं, चाळून आणि रेती काढून, साडेतीनेक किलोमीटर आत समुद्रात सोडलं गेलं आहे. तिथे आता मोठं शुद्धीकरण केंद्र उभारलं जात आहे. अशा केंद्रांत अमोनिया काढायचा झाला तर तो या जिवाणूंच्याच भावकीकडून काढून घेतात.

टँक तयार झाला की साठलेलं नायट्रेट काढायला तीन-चतुर्थांश पाणी बदला आणि एक-दोन दिवसांतच मासे आणा, नाहीतर वाढवलेली वस्ती पुन्हा उपाशी राहते. सहा-आठ गप्पी किंवा झेब्रा डॅनियो पुरेत. गोल्डफिश दोन फुटांत नको, तो वाढतोही आणि घाणही फार करतो. स्पंज तुंबला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका. आणि माशांबरोबर दुकानदार निळ्या औषधाची बाटली देऊ करेल. ते मिथिलीन ब्लू. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवला तर त्याचा उपयोग आहे. टँकमध्ये ओतलंत, तर दीड महिना पोसलेल्या जिवाणूंवरच ते आधी उलटू शकतं.