एक अक्षर, एक उच्चार

आमच्या लोधीखेड्यात घरी मराठी, बाहेर हिंदी. उच्चाराचा प्रश्न आम्हांस नवा नाही. म्हणून हा छोटा पाठ.

डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सा येथे एस्पेरांतो ही सर्व जगाच्या व्यवहारासाठी योजलेली भाषा प्रसिद्ध केली. नियम सोपा : एक अक्षर, एक उच्चार, आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर. तरी इंग्रजी बोलणारे अडखळतात. शांतीला शब्द 'पाचो'. त्यातला 'च' आपल्या 'चोर'मधला. ते 'पाको' वाचतात, आणि शेवटचा 'ओ' 'ओउ' असा लांबवितात. १९६६ च्या 'इन्क्युबस' या अमेरिकी चित्रपटाचे संवाद एस्पेरांतोत आहेत. पण नटांच्या उच्चारांना जाणकारांनी नावे ठेवली.

त्यांस हसण्यापूर्वी आपण आपले घर पाहावे. 'चार' व 'चाक' यांतले 'च' निराळे. एस्पेरांतोत त्यांना दोन अक्षरे आहेत, मराठीत एकच. हिंदीत शिकणारे आपले मूल पुष्कळदा दोन्ही सारखेच वाचते. दोष मुलाचा नव्हे. जो भेद लिपी दाखवीत नाही, तो कानांनीच शिकावा लागतो. म्हणून वडीलधाऱ्यांनी रोज मुलांस दहा ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, इतकीच आमची विनंती.