चार महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचे व्याज

हंगामी धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. रमजानमध्ये कपडे, अत्तर व सुकामेवा विकणारे, लग्नसराईत मंडप आणि भांडी भाड्याने देणारे, उरुसात खेळण्यांची व मिठाईची दुकाने मांडणारे, पावसाळ्याआधी छत्र्या आणि ताडपत्री विकणारे. या सर्वांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका करमणूक उद्यानाचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. करमणुकीचा धंदा कितपत योग्य, हे उलेमांना विचारावे. येथे आपण फक्त त्या धंद्याची वही उघडून पाहणार आहोत.

उद्यानाचे नाव जिऑगा लेक. क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रन या कारखान्यांच्या दोन शहरांच्या मधल्या भागात, ऑरोरा गावाजवळ एक तळे आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने लोक तेथे सहलीला येऊ लागले आणि १८८० च्या दशकात काठावर रीतसर उद्यान उभे राहिले. १९२५ मध्ये तेथे ‘बिग डिपर’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर, म्हणजे उंचसखल रुळांवरून धावणारी गाडी, बांधली गेली. मंदी आली, महायुद्ध झाले, १९५२ मध्ये मोठी आग लागली, तरी उद्यान चालू राहिले. कारण त्याचा खर्च त्याच्या गिऱ्हाईकाच्या ऐपतीएवढाच होता. आजूबाजूच्या गावांतले कामगार कुटुंब घेऊन यायचे, दिवस काढायचे आणि घरी जायचे.

१९६९ मध्ये ‘फनटाइम’ नावाच्या कंपनीने ते विकत घेतले. ही कंपनी उभी करणारे लोक त्याच राज्यातल्या ‘सीडर पॉइंट’ या मोठ्या उद्यानात पूर्वी नोकरीस होते. सीडर पॉइंट हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, तळ्याच्या दुसऱ्या काठावर ‘सी वर्ल्ड’ कंपनीने आपले उद्यान सुरू केले. एका काठावर झोके आणि गाड्या, दुसऱ्या काठावर डॉल्फिन आणि देवमासे. मालक वेगळे, तिकीट वेगळे. ही शेजारदारी तीस वर्षे चालली आणि दोघांनाही लाभली. लांबून आलेले कुटुंब एक दिवस या काठावर काढी, दुसरा दिवस त्या काठावर. कापडबाजारात सूट घेतलेला माणूस शेजारच्या दुकानातून अस्तर आणि बटणे घेतो, तसलाच हा प्रकार होता. पुढे हाच धागा तुटला.

१९९५ मध्ये ‘प्रीमियर पार्क्स’ या कंपनीने फनटाइम विकत घेतली. १९९८ मध्ये याच प्रीमियरने ‘सिक्स फ्लॅग्ज’ ही आपल्याहून नामांकित कंपनी घेतली. तो सौदा डोक्यावर घेतलेल्या कर्जासह सुमारे १८६ कोटी डॉलरचा होता. २००० साली प्रीमियरने स्वतःचे नावही सिक्स फ्लॅग्ज करून टाकले आणि जिऑगा लेकवर नवी पाटी लावली : ‘सिक्स फ्लॅग्ज ओहायो’. त्याच हंगामात चार नवे रोलर कोस्टर आले. सुमारे ४ कोटी डॉलर खर्च झाले. कोस्टरना सुपरमॅन, बॅटमॅन अशी सिनेमातली नावे दिली गेली. ती नावे वापरण्याचा परवाना कंपनीकडे होता, उद्यानाकडे नव्हता. हा फरक कागदावर लहान दिसतो.

२००१ मध्ये कंपनीने तळ्यापलीकडचे सी वर्ल्डही ११ कोटी डॉलरला घेतले. आता या सौद्यात काय आले आणि काय आले नाही ते पाहा. जमीन आली, तलाव आणि प्रेक्षागृहे आली. सी वर्ल्ड हे नाव आले नाही. ज्याला पाहायला लोक येत, तो काळा-पांढरा देवमासाही जुन्या मालकानेच ठेवला. पहिला हंगाम त्याच्याविना गेला. २००२ मध्ये फ्रान्सहून एक मासा आणावा लागला. दुकान विकत घ्यावे आणि नामफलक व चालता माल जुन्या मालकाने बरोबर न्यावा, असा हा व्यवहार झाला.

दोन्ही काठ जोडून ‘सिक्स फ्लॅग्ज वर्ल्ड्‌स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ असे लांबलचक नाव ठेवले आणि एकाच तिकिटात दोन्ही बाजू खुल्या केल्या. गिऱ्हाईकाला ते स्वस्त वाटले, यात शंका नाही. पण तीस वर्षे जे कुटुंब दोन दिवसांची दोन तिकिटे काढत होते, त्याच्याकडून आता एकच तिकीट येऊ लागले. खर्च मात्र दोन्ही काठांचा. जनावरांना खाऊ घालणे, पाणी स्वच्छ ठेवणे, पशुवैद्य ठेवणे हे काम दारे बंद झाल्यावरही थांबत नाही.

आणि दारे तर बहुतेक काळ बंदच. ओहायोचा हिवाळा बर्फाचा. उद्यानाचा खरा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, पुढे थोडे शनिवार-रविवार. त्यातही पावसाचा आठवडा गेला की गेला. ही चार-साडेचार महिन्यांची कमाई, आणि कर्जावरचे व्याज बारा महिन्यांचे. शिवाय गिऱ्हाईक तेच. क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रनची पोलाद व रबराची कारखानदारी आधीच्या काही दशकांत आटली होती. नवे रोलर कोस्टर बांधल्याने आजूबाजूची लोकसंख्या वाढत नाही.

तीन हंगामांत कंपनीने हात टेकले. २००४ च्या वसंतात, उद्यान उघडण्याच्या तोंडावर, ते साडेचौदा कोटी डॉलरला विकले गेले. वाचकांनी स्वतःच बेरीज करावी : सी वर्ल्डचे ११ कोटी आणि २००० सालच्या कामाचे ४ कोटी, एवढेच १५ कोटी होतात. मूळ उद्यानाची किंमत यात धरलेली नाही. खुद्द सिक्स फ्लॅग्ज कंपनीने पुढे जून २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तिच्यावर सुमारे २४० कोटी डॉलरचे कर्ज होते.

घेणारा कोण होता? ‘सीडर फेअर’, म्हणजे सीडर पॉइंटचा मालक. जुना प्रतिस्पर्धीच. त्याने जिऑगा लेक हे जुने नाव परत लावले, सुपरमॅन-बॅटमॅनच्या पाट्या उतरवल्या, कारण परवाना विकणाऱ्याचा होता. जनावरे गेली. सी वर्ल्डच्या काठावर २००५ मध्ये पाण्याच्या खेळांचे उद्यान बांधले. सुरुवातीला त्याचा इरादा नेक नव्हता असे म्हणता येत नाही, पैसा त्यानेही घातला. पण २००६ मध्ये त्याने पॅरामाउंटची पाच उद्याने १२४ कोटी डॉलरला घेतली. त्यांतले ‘किंग्ज आयलंड’ ओहायोतच. आता एकाच मालकाची एकाच राज्यात तीन मोठी उद्याने झाली आणि डोक्यावर नवे कर्ज. त्यांतले लंगडे कोणते, हे सांगायला मुनीम लागत नाही.

२००६ चा हंगाम संपताच जिऑगा लेकचे दोन मोठे रोलर कोस्टर उखडले गेले. एक किंग्ज आयलंडला गेला, दुसरा पेनसिल्व्हेनियात. समजणाऱ्याने तेव्हाच समजावे. दुकानातले चांगले शोकेस मालक दुसऱ्या शाखेत हलवू लागला, तर तेथल्या नोकराने दुसरी नोकरी पाहायला लागावे. १६ सप्टेंबर २००७ हा हंगामाचा शेवटचा दिवस होता. उद्यान पुन्हा उघडणार नाही हे २१ सप्टेंबरला, दारे बंद झाल्यावर पाच दिवसांनी जाहीर झाले. मोठ्या उद्योगाच्या दाराशी ज्यांची हॉटेले, खानावळी, दुकाने असतात, त्यांच्यासाठी ही तारीख फार बोलकी आहे. आपल्यापैकी कोणी मॉलमध्ये, कारखान्याच्या कँटीनमध्ये किंवा प्रदर्शनाच्या मैदानावर गाळा घेतला असेल, तर नोटिशीची मुदत आणि अनामत परत मिळण्याची अट करारात लिहून घेतली आहे का, ते पाहावे. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीने लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपण मात्र ओळखीवर भागवतो.

व्याजामुळेच सारे बुडाले, असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. सीडर पॉइंटही त्याच थंडीत, त्याच कर्जाच्या जगात चालले आणि आजही चालू आहे. जिऑगा लेकचा आवाका त्याच्या मुलखाबाहेर नेला गेला, आणि तो उसन्या पैशावर नेला गेला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर सुटका उरली नाही. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकालाही कर्जाचे ओझे पेलले नाही. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले. ते बंद पडले नाही, एवढा फरक.

आता हाच हिशेब आपल्या दुकानावर करून पाहू. समजा, एका कपड्याच्या दुकानदाराला घरखर्चाआधी वर्षाला २ लाख ४० हजार सुटतात. त्यांतले १ लाख ८० हजार रमजान आणि लग्नसराई धरून चार महिन्यांत, उरलेले ६० हजार आठ महिन्यांत, म्हणजे महिना साडेसात हजार. त्याने शेजारचा गाळा घेण्यासाठी १० लाख रुपये १२ टक्क्यांनी काढले. व्याज महिना १० हजार. मंदीच्या प्रत्येक महिन्यात घरात चूल पेटण्याआधीच अडीच हजारांची तूट. नव्या गाळ्याने विक्री वाढली तर ठीक. समजा वाढली नाही आणि एखाद्या वर्षी हंगामाची कमाई निम्मी झाली, तर वर्षाचे सुटले १ लाख ५० हजार, व्याज १ लाख २० हजार. घरासाठी वर्षाचे ३० हजार, आणि मुद्दल जसेच्या तसे.

तेच १० लाख कोणी भागीदाराने नफ्याच्या ४० टक्क्यांवर घातले असते, तर त्या वाईट वर्षी त्याला ६० हजार गेले असते आणि दुकानदाराकडे ९० हजार राहिले असते. निव्वळ तोटा आला असता तर ज्याचे जेवढे भांडवल त्या प्रमाणात तो वाटला गेला असता. चांगल्या वर्षी भागीदार बँकेपेक्षा जास्त नेईल, हेही खरे. कमाई ३ लाख ६० हजार झाली तर त्याचा वाटा १ लाख ४४ हजार होतो. पुष्कळ दुकानदारांना नेमके हेच खुपते आणि ते बँकेकडे जातात. शिवाय भागीदाराला वही दाखवावी लागते. आपल्या किती दुकानांत दाखवण्याजोगी वही आहे?

जून २००८ मध्ये जिऑगा लेकवर लिलाव झाला. ज्या बिग डिपरवर तीन-चार पिढ्या बसल्या, तो ५ हजार डॉलरला गेला. घेणाऱ्यालाही तो हलवता आला नाही. जागेवरच सडत राहिला आणि २०१६ मध्ये पाडला गेला. पाण्याचे उद्यानही त्याच वर्षी बंद झाले. २०२० मध्ये जमीन विकासकांकडे गेली आणि तेथे घरे उभी राहू लागली. सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज या दोन कंपन्या जुलै २०२४ मध्ये एक झाल्या. नाव सिक्स फ्लॅग्जच ठेवले.

सुतारकाम आणि कोरीवकाम करणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट राहिली. उद्यानात १९२० च्या दशकातला एक गोल फिरणारा पाळणा होता. त्याचे लाकडी घोडे इलियन्स नावाच्या, लिथुआनियातून आलेल्या कारागिराच्या कारखान्यात हाताने कोरलेले. लोखंडी कोस्टरपैकी काही भंगाराच्या भावात गेले. तो पाळणा मात्र दुरुस्त करून कन्सास सिटीच्या ‘वर्ल्ड्‌स ऑफ फन’ उद्यानात बसवला आहे. ते घोडे अजून फिरतात.