आधी विचार, मग पिशवी भर

सई, तू फोनवर म्हणालीस, 'आत्या, नवीन घर लावलंय, चार गोष्टी सांग.' लोणच्याच्या बरणीपासून गॅसच्या नळीपर्यंत सगळं तुझ्या सासूबाईंनी सांगितलेलं दिसतंय, तेव्हा मी त्यात पडत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. कुणाकडे जाताना, मुक्या जनावराला घरात आणताना आणि कुणाला काही देताना आपल्या लोकांची एकच खोड असते. आपल्याला जे द्यायला आवडतं ते आपण घेऊन जातो आणि समोरच्याला काय हवंय ते विचारायचं राहून जातं. तुझ्या आजीचा शिरस्ता असा होता, की आधी विचारायचं आणि मग पिशवी भरायची.

दवाखान्यापासून सुरुवात करते. मिरजेत राहणाऱ्याला ते चुकत नाही. कोकणातून, विजापूर-बेळगावकडून माणसं उपचाराला इथे येतात, आणि पेशंट कुणाचाही असो, कुठून तरी नातं लागतंच. आमच्या सोप्यात पाहुण्यांची वळकटी कायम गुंडाळून ठेवलेली असायची. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली. पेशंटला बघायला येणाऱ्यांची रीघ लागते, पण त्याच्याजवळ बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. पेशंटला निदान दवाखान्याचं जेवण मिळतं. खुर्चीत बसून रात्र काढलेली सून किंवा भाऊ मात्र चहा आणि वडापाववर दिवस ढकलत असतो. म्हणून डबा न्यायचा तो त्यांच्यासाठी. भाकरी, कोरडी भाजी, थोडा दहीभात. रस्सा नको, रिक्षात सांडतो. डबा असा न्यायचा की परत नाही आला तरी जीव हळहळायला नको. आणि 'काही लागलं तर सांगा' एवढंच म्हणून निघू नको, त्यावर कुणी काही सांगत नसतं. 'तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून, दोन घटका पडून या, तोवर मी बसते,' असं म्हण. बघ, तो माणूस कसा लगेच चप्पल शोधायला लागतो.

पेशंटसाठी काही न्यायचंच तर आधी सिस्टरला विचार. शहाळं म्हणजे अमृत असा आपला समज, पण किडनी अधू झालेल्या माणसाला तेच बाधतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही की रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. एका खोलीत खाटेखाली सहा शहाळी ओळीने मांडलेली आणि पेशंट डायलिसिसवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणणाऱ्या प्रत्येकाने प्रेमानेच आणलं होतं.

बाळंतिणीकडे जाताना अळिवाचे लाडू ने, हात धू आणि बाळाचे मुके घेऊ नकोस. सर्दी असेल तर जाऊच नको. आणि हे जरा मोठ्याने सांगते, कारण आपल्याच घरात हे चालत आलंय: बाळाला मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आतल्या पोराला मधातून विषबाधा होऊ शकते. क्वचित होते, पण झाली तर जिवावरची असते. तुझ्या आजीने आम्हा सगळ्यांना सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता आणि आम्ही जगलो, म्हणून पुढच्या पोरावर प्रयोग कशाला?

दुःखाच्या घरी पहिल्या दिवशी पिठलं-भात पाठवायला शेजार असतो, तेरावा होईपर्यंत माणसांची वर्दळही असते. तू त्यानंतर जा. खरी पंचाईत तेव्हा सुरू होते. मी बँकेत काउंटरवर नोकरी काढली. नवरा गेलेल्या बायका कागदांच्या एका चुकीसाठी चार-चार खेपा घालताना रोज बघायचे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या प्रती एकदमच जास्त काढून घ्यायच्या, कारण बँक, विमा, पेन्शन, गॅस, वीज, जो तो एक मागतो. खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय ते पासबुकावर बघायचं. हे सगळं एका फाइलमध्ये लावून देणारी भाची किंवा पुतणी घरात आली, तर त्या बाईला तुझ्या हातातल्या फळांच्या करंडीची आठवणही होणार नाही.

म्हाताऱ्या माणसांकडे मात्र मुद्दाम आडवारी जा. दिवाळीला सगळेच येतात, फराळाची ताटं फिरतात आणि कुणाचं कुणाशी धड बोलणं होत नाही. श्रावणातल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी जाऊन बघ. मी माझ्या माईमावशीकडे जायचे तेव्हा गेल्या गेल्या तिचा शिवणाचा डबा पुढे ओढायचे. मोतीबिंदूमुळे तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि त्यासाठी कुणाला हाक मारणं तिला कमीपणाचं वाटायचं. दहा-बारा सुया, पांढरा, काळा, तांबडा असे दोरे ओवून, गाठी मारून, एका जुन्या फडक्यात ओळीने टोचून ठेवायच्या. तेवढ्यावर तिचे दोन महिने निघत. असंच औषधांच्या पिशवीचं. तारीख संपलेल्या गोळ्या बाजूला काढ, बंद पडलेला दिवा बदल, मोबाइलवरची अक्षरं मोठी करून दे. बोलणं आपोआप होतं, हात कामात असले की जास्तच मोकळं होतं.

आता तुझा गोट्या. रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलंस हे मला आवडलं. माझा दादा कुरकुर करतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नको. लहानपणी पावसात भिजलेली मांजरं शर्टात लपवून तोच आणायचा. पण एक गोष्ट आत्ताच्या आत्ता कर: बेदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेव. आपल्याकडे तासगावचा बेदाणा बारा महिने घरात असतो, शिऱ्यात पडतो, पोरांच्या मुठीत जातो आणि तिथून कुत्र्याच्या तोंडात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. काही कुत्र्यांना थोडेही बाधतात. आधी उलट्या होतात, मग मरगळ येते, आणि दोन-तीन दिवसांत किडनी बंद पडते. कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आपला रस्सा बाद. चॉकलेट तर नकोच. कोंबडीचं शिजवलेलं हाडूक घालू नको, शिजलं की त्याच्या सळया होतात आणि आतडं फाडतात. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली गोळी द्यायची नाही. उद्या मांजर आणलंस तर हे दुपटीने लक्षात ठेव, पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेते. आणि मांजरं दुधाची शौकीन असली तरी मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही, हगवण लागते. पाणी ठेव.

तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, मग दर वर्षी. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून गोचीड बघायची. आणि घरातल्या किंवा बाहेरच्या कुठल्याही कुत्र्याने दात लावला, नुसतं ओरखडलं तरी, आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. तिथे लस मिळते. ती पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्यायचं. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर उपाय नाही, म्हणून 'पाळीव आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, मग ते सासरे असोत.

गोट्याला घेऊन कुणाकडे जायचं तर आधी विचार. काहींना भीती असते, कुणाचं सोवळं असतं, कुणाकडे रांगतं पोर असतं. ते तोंडावर 'आणा की' म्हणतात, तरी आवाज ओळखायला शीक. त्याची ताटली आणि चादर आपल्या घरची न्यायची. मिरजेला रेल्वेने आणायचं ठरवलंस तर फर्स्ट क्लासचं अख्खं कूपे आपल्या नावावर असावं लागतं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. उन्हाळ्यात त्या पेटीत मी माझ्या वैऱ्याचंही कुत्रं घालणार नाही. त्यापेक्षा त्याला ज्यांची सवय आहे अशा एका घराशी आतापासून ये-जा ठेव. त्यांच्या मांजराला तू सांभाळायचं, तुझ्या गोट्याला त्यांनी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना तू बिस्किटं टाकतेस असं कळलं. ती मैदा आणि साखर असतात. त्या पैशात महिन्याकाठी एका कुत्रीची नसबंदी आणि लस होते का, ते जवळच्या प्राणिमित्र संस्थेत विचारून बघ. कानाला खाच असलेली कुत्री दिसली की समजायचं, तिचं झालेलं आहे. मोकाट कुत्र्यांचं काय करायचं, हा वाद जुनाच आहे. मुंबईत 1832 मध्ये इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला होता, आणि दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींनी पांजरपोळ काढली. नुसतं भांडून थांबले नाहीत, जनावरांच्या खाण्या-राहण्याची सोय करून मोकळे झाले. शिळ्या पोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याजवळ ठेवू नको. गाय पिशवीसकट खाते आणि ते प्लॅस्टिक तिच्या पोटातच राहतं.

आता देणं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक आले, आणि त्या माणुसकीला माझा नमस्कारच. पण आम्ही बायका एका शाळेत गाठोडी सोडायला बसलो तेव्हा काय काय निघालं! जरीचा घागरा, एकाच पायातला बूट, चेन तुटलेल्या पँटी. बिस्किटांचे खोके छताला टेकले. आणि पूरग्रस्त बाई हळूच कानाशी येऊन काय मागत होती? आतले कपडे. पॅड. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला खराटा, फावडं, फिनेल. माणसं घर सोडायला तयार नव्हती ती म्हशींपायी, आणि कडबा-पेंड आणणारे ट्रक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे कधी अशी वेळ आली तर पहिल्या दिवशी धावू नको. आठवड्याने तिथल्या माणसाला फोन कर, यादी घे आणि यादीतलंच पाठव. कपडे द्यायचेच तर धुऊन, बटणं लावून, आपण स्वतः घालू असेच.

बालगृहाचंही तसंच. वाढदिवसाला केक घेऊन जायची फॅशन झाली आहे. पंधरा ऑगस्टला मुलांना तीनदा गुलाबजाम खावे लागतात आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवून फोटो. तू जूनमध्ये जा. वह्या, दप्तरं, रेनकोट, फीचे हप्ते सगळं तेव्हा अंगावर येतं. मुलांचे फोटो काढू नको, ती तुझ्या पुण्याची साक्षीदार नाहीत. आणि संस्थेने पगारासाठी किंवा विजेच्या बिलासाठी पैसे मागितले तर नाक मुरडू नको. स्वयंपाकीणबाईंचा पगार थकला की मुलांचं ताट रिकामं राहतं. एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो छापून घेण्यापेक्षा दरमहा पाचशे रुपये बँकेतून आपोआप जाऊ देत. तेवढ्या भरवशावर त्यांना पुढचा महिना आखता येतो.

पैसे देताना मी मात्र बँकेतलीच राहते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे का, पावतीवर तो क्रमांक आहे का, ते बघायचं. मागच्या वर्षीचा ताळेबंद मागायचा. मागितल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात तिथे द्यायचं नाही. 80जीची करसवलत हवी असेल तर रोख दोन हजारांपुढे देऊ नको, त्यापुढच्या रोखीवर ती मिळत नाही. वस्तू दिल्या तरी मिळत नाही. तुझं नाव आणि पॅन संस्थेने आयकर खात्याला कळवलेलं असावं लागतं. आणि नवीन करपद्धत घेतली असशील तर ही सवलत मुळातच नाही, तेव्हा जावईबापूंनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उगाच धावपळ करू नये.

ज्याला पैसे लागत नाहीत तेही सांगते. रक्त दे, तुला दोन वेळांच्या मध्ये चार महिने सोडावे लागतील, जावईबापूंना तीन. मे महिन्यात दे, तेव्हा कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांमध्ये ठणठणाट असतो. नेत्रदानाचा फॉर्म मी भरलाय. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. पण नुसत्या फॉर्मने काही होत नाही, माणूस गेल्यावर फोन करायचा असतो तो घरच्यांनी, आणि सहा तासांच्या आत. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. नेत्रपेढीचा नंबर आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे. दादाला त्या वेळी काही सुचायचं नाही, म्हणून पुढच्या खेपेला आलीस की तू त्या नंबरचा फोटो काढून ठेव.