व्हेनिसच्या चौकातील आड



आज आम्ही तुम्हाला एका दूरच्या शहराची हकिगत सांगणार आहोत. शहराचे नाव व्हेनिस. ते युरोप खंडात, इटली देशात आहे. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. व्हेनिस हे नाव कितीदा तरी फळ्यावर लिहिले. पण ते डोळ्यांनी पाहण्याचा योग मागच्या वर्षी आला.

आमचा थोरला मुलगा जर्मनीत एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने आम्हा दोघांना दोन महिने राहायला बोलावले. मुलांना सुट्टी लागली तसे आम्ही सगळे व्हेनिस पाहायला निघालो. आम्ही, आमच्या सौभाग्यवती, मुलगा, सूनबाई, नातू आणि नात. घरात सौभाग्यवतींना सगळे आजी म्हणतात. म्हणून येथेही आपण आजीच म्हणू.

म्युनिक शहरातून सकाळी आगगाडीत बसलो. वाटेत आल्प्सचे मोठे डोंगर लागले. दुपारनंतर गाडी समुद्राकाठी आली आणि एका लांबच लांब पुलावर चढली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. हा पूल १८४६ साली सुरू झाला. आपल्याकडे मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ साली. म्हणजे हा पूल तिच्याहून ७ वर्षांनी जुना.

पूल संपला. स्टेशन आले. बाहेर आलो तर समोर पायऱ्या. पायऱ्यांच्या खाली रस्ता असेल असे आम्हाला वाटले. पण रस्ता नव्हता. हिरवट पाणी होते, आणि पाण्यात होड्यांची गर्दी.

नात म्हणाली, "आजोबा, इथं पूर आलाय का?"

"नाही गं बाळ. हाच इथला रस्ता."

शहर कसे वसले?

समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये येथे उथळ पाणी पसरले आहे. त्याला खाजण म्हणतात. पाणी समुद्राचेच, खारे. पण पुढे वाळूच्या लांब पट्ट्या आहेत, त्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. या खाजणात शंभराहून अधिक लहान बेटे आहेत. त्या बेटांवर व्हेनिस वसले आहे. बेटे जोडायला चारशेहून अधिक पूल आहेत. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोटार नाही, फटफटी नाही. माणसे पायी चालतात, नाही तर होडीने जातात. भाजी होडीने येते. कचरा होडीने जातो. आमच्या डोळ्यांदेखत एका आजारी माणसाला घेऊन दवाखान्याची होडी भोंगा वाजवीत गेली.

नातवाने विचारले, "आजोबा, चिखलावर एवढी दगडी घरं कशी उभी राहिली?"

प्रश्न चांगला होता. जुन्या लोकांनी लाकडाचे खुंट चिखलात खोल ठोकले. अगदी दाटीने ठोकले. त्यावर जाड फळ्या टाकल्या. फळ्यांवर दगड रचले आणि मग घर उभे केले. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून ते लाकूड लवकर कुजत नाही. मोठ्या कालव्यावर रियाल्टो नावाचा दगडी पूल आहे. तो १५९१ साली पुरा झाला. त्याच्या खाली असे सुमारे १२,००० खुंट आहेत, असे सांगतात.

तेथे गोंडोला नावाची काळी, निमुळती होडी असते. नावाडी उभा राहून एकच वल्हे मारतो. नातीने तिच्यात बसायचा हट्ट धरला. अर्ध्या तासाचा ठरलेला दर ९० युरो. आजीने हिशेब विचारला.

मुलगा म्हणाला, "आपले नऊ हजारांच्या आसपास होतील."

"अगं बाई! तेवढ्यात शेळी येते घरी," आजी म्हणाली.

शेवटी आम्ही पलीकडच्या काठाला नेणाऱ्या तरीत बसलो. माणशी २ युरो. होडी तशीच काळी, गंमतही तीच. पण दोन मिनिटांत पैलतीर आला.

पुढे संत मार्क यांचा मोठा चौक पाहिला. तेथे उंच घंटाघर आहे. १६०९ साली गॅलिलिओ या शास्त्रज्ञाने याच घंटाघरावरून आपली दुर्बीण शहराच्या पुढाऱ्यांना दाखवली. १९०२ साली हे घंटाघर कोसळले. नशीब, माणूस मेला नाही. लोकांनी ते त्याच जागी, तसेच पुन्हा बांधले. १९१२ साली ते पुरे झाले.

चौकात मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी होती. पण ती सगळी आमच्यासारख्या पाहुण्यांची. जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. आता पन्नास हजारही उरली नाहीत. राहायला घर महाग झाले, म्हणून माणसे बाहेर गेली. २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून शहर पट्टी घेऊ लागले.

आजीचा प्रश्न

गर्दीतून निघालो आणि वाट चुकलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागे. ऊन तापले होते. बाटल्यांतले पाणी संपले होते. फिरत फिरत एका लहान चौकात आलो. चौकाच्या मधोमध कमरेएवढा उंच, कोरीव दगड होता. गोल, आणि वर लोखंडी झाकण. आजी झपाझपा त्याच्याजवळ गेली.

"अहो, हा तर आड!"

दगडाच्या काठावर खोल खाचा पडल्या होत्या. आजीने एका खाचेत बोट घातले. "दोराच्या खुणा या," ती म्हणाली. तिला कोणी सांगावे लागले नाही. आमच्या घरी नळ आला तोवर ती रोज आठ-दहा कळशा पाणी आडावरून ओढून आणीत होती.

जवळच एक लहान नळ होता. त्यातून पाणी वाहत होते. तिथल्याच एक म्हाताऱ्या बाई बाजाराची पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी खुणेने सांगितले, पाणी चांगले आहे, प्या. आम्ही पोटभर प्यालो. मग आजीने विचारले, "चारी बाजूंनी खारं पाणी. मग या आडाला गोडं पाणी कुठून येत होतं?"

खरे सांगतो, पस्तीस वर्षे भूगोल शिकवूनही हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. मुलाने आपल्या मोबाईलवर माहिती शोधली. आम्ही आडाच्या पायरीवर बसलो आणि त्याने ती वाचून दाखवली.

पावसाचे पाणी गाळणारे टाके

हा आड नव्हेच. हे टाके आहे. आपल्या किल्ल्यांवर पावसाच्या पाण्याची टाकी असतात, त्यातलाच हा प्रकार. पण याची बांधणी वेगळी.

आधी चौकात दोन-तीन पुरुष खोल, रुंद खड्डा खणायचा. त्याच्या तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा जाड लेप द्यायचा. लेपामुळे बाहेरचे खारे पाणी आत येत नाही. खड्ड्याच्या मधोमध विटांचा गोल आड बांधायचा. बाकीचा सगळा खड्डा वाळूने भरायचा. वर फरशी घालायची. फरशीला उतार ठेवून त्यात भोके पाडलेले दगड बसवायचे.

पाऊस पडला की छपरांचे आणि चौकाचे पाणी या भोकांतून खाली जाई. वाळूतून झिरपताना ते गाळले जाई. स्वच्छ झालेले पाणी मधल्या आडात साठे. पूर्वी शाळेत आपण तीन मडक्यांची गाळणी शिकलो होतो. हा अख्खा चौक म्हणजे तशीच एक मोठी गाळणी!

१८५८ साली मोजणी झाली. तेव्हा शहरात अशी सहा हजारांहून अधिक टाकी होती. सार्वजनिक टाक्यांची झाकणे ठरावीक वेळी, घंटा झाली की उघडत. पाऊस कमी पडला तर नदीचे गोडे पाणी होड्यांत भरून आणीत आणि टाक्यांत ओतीत. आपला टँकर चाकांवर येतो, त्यांचा पाण्यावरून येई. समुद्राला भरती जास्त आली की खारे पाणी टाक्यात शिरे आणि टाके नासे. म्हणून कित्येक टाकी उंच पायऱ्यांवर बांधलेली आहेत.

१८८४ साली शहरात नळाचे पाणी आले. मग टाक्यांची गरज संपली. काही बुजवली गेली. पण हजारो वर्षांची नव्हे, तरी शेकडो वर्षांची तहान या टाक्यांनी भागवली, हे लोक विसरले नाहीत. त्यांचे कोरीव दगड अजून जागोजाग आहेत. बहुतेकांवर झाकण आहे.

जमीन खचली

गोष्ट येथे संपत नाही. पुढचा भाग नीट वाचा.

व्हेनिसच्या समोर, काठावरच्या जमिनीवर विसाव्या शतकात मोठे कारखाने निघाले. कारखान्यांना पाणी हवे. त्यांनी जमिनीत खोल नळ घातले आणि पाणी उपसायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे उपसले. खालचा चिखल-मातीचा थर दबला आणि शहर खाली बसू लागले. १९५० ते १९७० या वीस वर्षांत ते सुमारे १० सेंटिमीटर खचले. म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. तिकडे समुद्राची पातळीही वर चढत होती.

अर्धी वीत म्हणजे किती, असे आपल्याला वाटेल. पण ज्याचा उंबरा पाण्याला टेकलेला आहे त्याला अर्धी वीत पुष्कळ झाली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी वाऱ्याने समुद्र आत लोटला. पाणी १९४ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत चढले. तळमजले बुडाले, दुकाने बुडाली.

मग लोक जागे झाले. १९७० नंतर पाण्याचा तो उपसा बंद करत आणला. उपशामुळे होणारे खचणे जवळजवळ थांबले. पण जी जमीन खाली गेली ती काही पूर्वीसारखी वर आली नाही.

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी पुन्हा पूर आला. पाणी १८७ सेंटिमीटरवर गेले. समुद्राच्या तीन तोंडांशी मोठी लोखंडी दारे बसवायचे काम २००३ सालापासून चालू होते. अशी ७८ दारे आहेत. एरवी ती पाण्याने भरून तळाशी पडून असतात. भरती मोठी येणार असे कळले की त्यांत हवा भरतात. आतले पाणी बाहेर जाते, दारे वर उठतात आणि समुद्र अडतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी या दारांनी पहिल्यांदा खरी भरती अडवली. खर्च किती आला? पाच अब्ज युरोहून अधिक!

आमच्या गावचा आड

रात्री मुक्कामाच्या खोलीत सगळे झोपले. आम्हाला झोप येईना. कारण आमच्या गावातही वेशीजवळ एक आड आहे. चांगला दगडी बांधणीचा. नळयोजना आली आणि आडावर जाणे बंद झाले. मग कोणी त्यात निर्माल्य टाकले, कोणी फुटकी मडकी, कोणी प्लॅस्टिकच्या पिशव्या. शाळा झाडून झाली की कचरा तिकडे टाका, असे आम्हीही मुलांना सांगत होतो. हेडमास्तर असून सांगत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते सांगितले पाहिजे.

आज आमच्या गावात बोअरची चढाओढ आहे. एकाने दोनशे फूट घेतली की दुसरा चारशे फूट घेतो. आपली जमीन काळ्या खडकाची. ती व्हेनिससारखी खचणार नाही. पण पाणी मात्र खाली खाली जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. चैत्र लागला की टँकरची वाट पाहायची.

गावी परतल्यावर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही आड साफ करण्याचा विषय मांडला. काहीजण हसले. एकजण म्हणाला, "गुरुजी युरोप बघून आले आणि बोलतात काय, तर आडाचं!"

तेव्हा आजी उठली. ती आजवर सभेत कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "तिकडं आता आडाचं पाणी कोणी पीत नाही. तरी त्याच्यावर झाकण आहे. आपल्याला प्यायला पाणी नाही, आणि आपला आड कचऱ्यानं भरलाय. हसायचं कुणी, त्यांनी का आपण?"

सभा गप्प झाली.

दिवाळीनंतर कामाला सुरुवात झाली. पहिल्या रविवारी अकराजण आले. त्यांत सातजणी बायका होत्या. गाळ काढायला दोन महिने लागले. आडावर जाळी बसवली. शाळेच्या छपराचे पाणी वाळूच्या खड्ड्यातून गाळून आडात सोडण्याची सोय केली. यंदाच्या पावसाचे पाणी त्यात उतरले आहे. पाण्याची तपासणी झाल्याशिवाय ते कोणी प्यायचे नाही, असे ठरले आहे. सध्या ते गुरांना आणि धुण्याला वापरतात. किती दिवस पुरते, ते येत्या चैत्रात कळेल.

सकाळी फिरायला जाताना आम्ही त्या आडापाशी थांबतो. काठाच्या दगडावर येथेही दोराच्या खाचा आहेत. व्हेनिसला जाण्यापूर्वी त्या आम्ही पाहिल्याच नव्हत्या.

वाचा, विचार करा, एकमेकांशी बोला

१. व्हेनिसच्या चारी बाजूंना पाणी होते. तरी लोकांना पावसाचे पाणी का साठवावे लागले?

२. टाक्यातील वाळूचे काम काय? चिकणमातीचे काम काय?

३. व्हेनिसची जमीन कशामुळे खचली?

४. तुमच्या गावात जुने आड, विहिरी किंवा बारव किती आहेत? त्यांची आज काय स्थिती आहे? पाहून या आणि वहीत लिहा.