वीस, वीस, वीस

रात्रपाळीत टीपीआर चार्ट भरताना श्वासाच्या रकान्यात मी कित्येक वर्षं 20 लिहीत आले. मधूनच एखाद्याला 18, म्हणजे मोजल्यासारखं दिसावं. ताप, बीपी, नाडी इमानदारीनं घ्यायची. श्वास मात्र नजरेनं. वॉर्डात सगळ्यांचंच तसं चालायचं.

तो पेशंट आमच्याच नायगावकडचा, साठेक किलो वजनाचा शेतकरी. मोठ्या आतड्यातली गाठ काढून दोन टोकं जोडलेली, ऑपरेशनचा पाचवा दिवस. रात्री दोनला बायको टेबलाजवळ आली. "सिस्टर, ह्यांना धाप लागायली, बघा की जरा." मी गेले. नाडी 104, बीपी 108/70, ताप 99.6, ऑक्सिजन 94. एकही आकडा घाबरवणारा नव्हता. "काकू, टाके दुखत असतील, उशाशी बसा," म्हणाले आणि 20 लिहून मोकळी झाले. एवढ्यासाठी डॉक्टरांना उठवलं तर बोलणी खावी लागतील, हेही मनात होतंच.

सकाळी सहाला तो पोराला विचारत होता, "बैलं सोडली का रे?" बैल विकून चार वर्षं झाली होती. तेव्हा कुठे घड्याळ धरून मोजलं, तर श्वास 36. जोड सुटून पोटात घाण पसरली होती. पुन्हा थिएटर, पोटावर शौचाची पिशवी, मग आयसीयू. जगला, पण माझ्या चार तासांची किंमत त्यानं मोजली.

नंतर तो चार्ट मी कितीदा तरी डोळ्यांपुढे आणला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 साली काढलेली आणि 2017 मध्ये सुधारलेली न्यूज नावाची गुणपद्धत आहे. त्यात नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप, शुद्ध यांना गुण देतात. माझ्या पेशंटला नाडीचा एक, बीपीचा एक, ऑक्सिजनचा एक, असे तीन गुण होत होते. 12 ते 20 श्वासाला शून्य. 25 किंवा जास्त असेल तर एकदम तीन. दोन वाजता खरा आकडा काय होता, देव जाणे. 25 धरला तरी बेरीज सहा होते, आणि पाचलाच डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं असतं. माझ्या खोट्या विसानं ती बेरीज अडवली.

बीपीतही मी फसले. 108 आकडा चांगलाच, पण ह्या माणसाचं नेहमीचं बीपी 150 होतं आणि ते त्याच केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. लघवीच्या पिशवीकडे तर तेव्हा लक्षच दिलं नाही. किलोमागे तासाला अर्धा मिली धरला तर साठ किलोच्या माणसाला तासाला 30 हवी. दहा ते दोन, चार तासांत 120. पिशवीत 70 होती, तीही गडद चहासारखी.

म्हणून नरसी-कुंटूरकडून जीएनएम करून आलेल्या पोरींना पहिल्याच रात्री सांगते: मनगट धरा, नाडी मोजून झाली तरी सोडू नका, आणि पेशंटला न सांगता पोट वर-खाली होतंय ते पूर्ण एक मिनिट मोजा. "श्वास मोजते" म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पंधरा सेकंद गुणिले चार करू नका, एका श्वासाची चूक चारची होते. वेदनेचं कडक इंजेक्शन दिलं असेल तर उलटं भ्या. आठ किंवा कमी हाही तीनच गुणांचा धोका. अटेनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर नाडीवर भरवसा ठेवू नका, ती वाढूच देत नाही.

फोन करताना "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हणाल तर "बघतो सकाळी" ऐकाल. कोण, कितवा दिवस, आकडे, नेहमीचं बीपी, लघवी, आणि "तुम्ही आत्ता येऊन बघा" हे वाक्य, ह्या क्रमानं बोला. वेळ चार्टवर लिहा. बोलणी बसतात कधीकधी. बसू द्या.

परवा नायगावात शेजारची सून रात्री दारात आली. सासूला पोटाचं ऑपरेशन करून चौथ्या दिवशी घरी आणलेलं. "ताप नाही ताई, पण त्या नेहमीसारख्या नाहीत." नेहमीसारखं नसणं बायकोला, सुनेला आमच्याआधी कळतं. जाऊन मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिट भरू दिलं. एकतीस. "गाडी काढा," म्हणाले, आणि नांदेडला फोन लावला.