कुईकुई ऐकताना

मोती आमच्याकडे १४ वर्षं होता. आता चिंगी आहे, सहा वर्षांची, गावठी. ओळखीत कुणी पिल्लू आणलं की हमखास फोन येतो, 'हे रडणं थांबवायचं कसं?' मी उलट विचारते, कधी रडतं, कुठे रडतं, आणि रडताना कुणाकडे बघतं? उत्तर बहुतेकदा त्यातच असतं.

१. आधी दुखणं शोधा.
मोती सहा वर्षांचा असताना एका पावसाळ्यात रात्रीची कुईकुई सुरू झाली. लाडावलाय, असं ठरवून आम्ही खोलीचं दार लावून घेतलं. तीन रात्री तो दाराबाहेर कण्हत पडला. चौथ्या दिवशी सकाळी डोकं कुरवाळताना माझा अंगठा त्याच्या डाव्या कानाच्या मुळाशी दाबला गेला आणि तो अंग चोरून मागे सरला. कान उलटून पाहिला तर आत लालभडक, तपकिरी चिकट मळ आणि आंबूस वास. लॅब्रेडॉरचे लोंबते कान, त्यात पावसाळी ओल. संसर्ग पार आतपर्यंत गेला होता. त्या तीन रात्री माझ्या मनातून अजून जात नाहीत.

तेव्हापासून मोठं कुत्रं अचानक कण्हायला लागलं की मी आधी कान, दात, पंजे, सांधे चाचपते, गोचिड्या बघते आणि डॉक्टर गाठते. आपल्या कपाटातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका, ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. पोट फुगलंय, उमाळे येतायत पण उलटी पडत नाही, अशी बेचैनी दिसली तर सकाळची वाट बघू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे तासातासाचा हिशेब असतो.

२. पिल्लाला एकटं रडू देऊ नका.
पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगातली ऊबही टिकवता येत नाही. आईपासून जरा घरंगळलं की ते कुईकुई करतं आणि आई त्याला जवळ ओढते. त्या आवाजावरच ते जगतं. अशा जिवाला दोन महिन्यांचं असताना पहिल्या रात्री स्वयंपाकघरात कोंडायचं आणि 'सवय होईल' म्हणायचं, हे मला पटत नाही. चिंगीची टोपली मी पलंगाला लावून ठेवली आणि हात खाली सोडून झोपले. रात्री एकला आणि चारला तिला खाली न्यायचे. बोलणं नाही, खेळणं नाही, शू झाली की परत टोपलीत. त्या वयात दोन-तीन तासांपलीकडे पिल्लांना धरवत नाही. दोन आठवड्यांत तिचं रात्रीचं रडणं थांबलं.

३. 'कधीतरी' देणं सगळ्यांत वाईट.
सासूबाई पोळ्या लाटायला बसल्या की चिंगी उंबऱ्यावर येऊन सूर लावायची. चार वेळा त्या दुर्लक्ष करायच्या आणि पाचव्यांदा 'घे बाई' म्हणून तुकडा टाकायच्या. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय जास्त चिवट असते. आमच्या उंबऱ्यावर तेच चाललं होतं. ओरडूनही उपयोग नव्हता, कारण ओरडणं म्हणजेही तिच्याकडे बघणंच.

मग ठरलं, की गप्प बसली तरच तुकडा. सुरुवातीला दोन सेकंदांची शांतता, मग पाच, मग दहा. पहिले तीन दिवस आवाज कमी होण्याऐवजी वाढला. नेहमीची युक्ती चालेनाशी झाली की कुत्री जोर लावून बघतात. नेमकी इथेच माणसं हार मानतात आणि मोठ्याने रडायला शिकवून बसतात. सासूबाई मात्र बधल्या नाहीत. 'चिंगे, आधी गप. मग पोळी,' एवढंच म्हणायच्या. आठवड्याभरात ती उंबऱ्यावर पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून मुकाट पडायला लागली.

४. एकटं राहणं थोडं थोडं शिकवा.
माझं ऑफिस पुन्हा सुरू झालं तेव्हा खालच्या काकूंनी सांगितलं, 'अगं, ती दोन-दोन तास रडते.' किल्ल्या वाजल्या की चिंगी थरथरायची. मग मी दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचलून परत सोफ्यावर बसायला लागले. किल्ल्यांची भीती गेल्यावर दाराबाहेर अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच, आणि प्रत्येक वेळी ती रडायच्या आत परत. तोवर दिवसभर कुणी ना कुणी तिच्याजवळ थांबत होतं. दीड महिना लागला. जाताना मी रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवलेला द्यायचे, चाटण्यात तिची पहिली वीस मिनिटं निघून जायची.

५. ऋतू लक्षात ठेवा.
भाद्रपदाच्या सुमारास नर कुत्री बेचैन होतात, दाराशी रडतात. मादीचं वेगळंच. माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी चिंगी कापडी हत्ती पलंगाखाली नेऊन त्याच्यापाशी कण्हत बसली. खोटी गर्भावस्था, डॉक्टर म्हणाले. काही आठवड्यांत ते ओसरलं आणि पुढे आम्ही तिची नसबंदी करून घेतली.

६. भीतीला जवळ घ्या.
आपल्याला जेमतेम २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्यांना ४५ हजारांच्या आसपास. दिवाळीत त्यांचे काय हाल होत असतील, बघा. जवळ घेतलं तर भित्रं होईल, असं सांगणारे भेटतात. भीती ही काही पोळीसाठी लावलेला सूर नव्हे. मी खिडक्या लावते, पंखा मोठा करते आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसते.

७. काही कुईकुई थांबत नाही.
शेवटच्या वर्षी मोती मध्यरात्री उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि बारीक आवाज काढायचा. म्हातारपणी मेंदू थकतो, ओळखीच्या घरातही वाट सापडत नाही. औषधाने थोडा फरक पडला. पॅसेजमध्ये छोटा दिवा रात्रभर जळत ठेवला, त्याने आणखी थोडा. उरलेल्या वेळी मी उठून त्याच्या छातीखाली हात घालायचे आणि त्याला हळूच वळवायचे. अंथरूण दिसलं की तो आपणहून चालत जायचा.