कथा चालना भाऊ?

मराठीचे पुस्तक उघडले की तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी तुम्हांला माझी स्वतःची एक फजिती सांगतो.

मी मूळचा भिवंडीचा. नोकरीसाठी मालेगावला आलो. फजरच्या नमाजानंतर धावायला जायची मला जुनी सवय आहे. मोसम नदीकाठचे हे शहर यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रभर जागे असते. पण दोन-तीन किलोमीटर बाहेर गेलात की तो आवाज मागे राहतो आणि ओल्या मातीचा वास येऊ लागतो.

डिसेंबर महिना होता. नाशिक जिल्ह्यात या दिवसांत उन्हाळ कांद्याची लागवड चालते. त्या दिवशी मी डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेला लागलो. समोरून डोक्यावर कांद्याच्या रोपांची पाटी घेतलेल्या एक आजी आल्या. त्यांनी विचारले, "कथा चालना भाऊ?"

मी थांबलो. कथा म्हणजे गोष्ट, हे मी शाळेत पाठ केले होते. मी अदबीने म्हणालो, "आजी, मला कथा येत नाही."

आजी इतक्या हसल्या की डोक्यावरची पाटी डळमळली. त्यांची बोली अहिराणी होती. खानदेशात आणि मालेगाव-सटाणा भागात ती बोलली जाते. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कोठे'. कुठे चाललास भाऊ, एवढेच त्यांनी विचारले होते! पण हे मला मागाहून कळले. तेव्हा मात्र मी लाजून जोरात पळालो आणि पळताना पायांखाली पाहिलेच नाही.

माझा पाय एका वाफ्याच्या वरंब्यात रुतला. वरंबा फुटला आणि वाफ्यातले पाणी भळाभळा वाटेवर आले. हातात फावडे घेऊन एक शेतकरी धावत आला.

"अहो, रात्री बारापासून जागतोय या पाण्यासाठी!"

शेतीच्या पंपांना अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज मिळते. रात्रीची पाळी आली की थंडी असो, साप-विंचू असोत, शेतकऱ्याला उठावेच लागते. त्याचे डोळे लाल झाले होते. माझे अब्बा यंत्रमागावरची रात्रपाळी करून पहाटे घरी येत, तेव्हा त्यांचे डोळे असेच दिसत.

मला शब्द सुचेना. परीक्षेत निबंध लिहिणारा मी, तोंडातून एवढेच निघाले, "माफ करा." हा शब्द आपल्या उर्दूतलाच. तो त्यालाही नेमका कळला. त्याने फावडे माझ्या हातात दिले. मी चिखल ओढला, त्याने पायाने दाबला. वरंबा सांधला गेला.

मग तो बोलू लागला. त्याची निम्मी जमीन जिराईत होती, विहिरीखालची तेवढी बागाईत. खरिपात बाजरी गेली, आता रब्बीच्या कांद्यावर सारी भिस्त. मी ऐकतच राहिलो. जिराईत म्हणजे आपले 'जिराअत', बागाईत हा 'बाग'चा भाऊ. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबीअ' म्हणजे वसंत. त्या त्या ऋतूत कापणी होते, म्हणून हंगामांना ही नावे. 'हंगाम'ही फारसीच! त्याला हे शब्द कुठून आले ते माहीत नव्हते आणि ते मराठीत इतके मुरले आहेत हे मला माहीत नव्हते.

"भाव किती मिळेल?" मी विचारले.

"ते मार्च-एप्रिलात कळणार. भाव पडला तर चाळीत भरून ठेवायचा." कांद्याची चाळ म्हणजे खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी जमिनीपासून उचललेली खोली. तिच्यात कांदा काही महिने टिकतो, पण सडतोही. एवढे सांगून तो पुन्हा पाणी वळवायला गेला. रोपे लावायची राहिली होती आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता.

परतताना पाहिले, तर शेजारच्या शेतात बायका ओळीने बसून रोपे लावत होत्या. आजींनी माझी गोष्ट सर्वांना सांगितलेली दिसत होती. एकीने मान वर करून हाक मारली, "कथा चालना भाऊ?"

या वेळी मी धावता धावताच ओरडलो, "शाळेत!"